मदत हवी आहे : साहसकथा ऐकता ऐकता रंगीत पेन्सिलीने खोल समुद्र रंगवायचाय

नमस्कार मंडळी,

प्रश्न खरं तर दोन आहेत, पण एकमेकांत असे गुंतलेत की एकाच धाग्यात विचारते. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

रात्री जेवणं उरकली की कानात हेडफोन घालायचा, जुनी साहसकथा लावायची आणि समोरच्या कागदावर रंगीत पेन्सिली चालवायच्या, असा माझा सध्याचा उद्योग आहे. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं जलरंगात. रंगीत पेन्सिल म्हणजे बालवाडीचा प्रकार अशी आमच्या वेळी समजूत होती, त्यामुळे तिचं तंत्र असं कुणी शिकवलंच नाही.

सध्या ऐकतेय ज्यूल व्हर्नची 'ट्वेन्टी थाउजंड लीग्ज अंडर द सी'. लहानपणी व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांच्या मराठीतून. आता लिब्रिवॉक्सवर इंग्रजी रेकॉर्डिंग फुकट मिळतं म्हणून ते लावलंय. त्यात नॉटिलस या पाणबुडीच्या दिवाणखान्यातल्या झडपा सरकतात आणि काचेपलीकडचा समुद्र विजेच्या झोतात उजळून निघतो, तो प्रसंग मला रंगवायचाय. जुन्या फ्रेंच आवृत्तीतली चित्रं नेटवर पाहिली, पण ती काळीपांढरी कोरीव चित्रं आहेत. रंग माझे मलाच ठरवायचेत, आणि घोडं तिथेच अडलंय.

गडद निळा येतच नाही. थर चढवत गेलं की एका टप्प्यानंतर कागद रंग घ्यायचं बंद करतो, नुसता चकाकतो. दोन-चार दिवसांनी त्याच गडद भागावर पांढुरकी साय धरते. ही बुरशी आहे का? आमच्या कोथरूडच्या घरात पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यालासुद्धा बुरशी येते, म्हणून शंका. पेन्सिली भाचीच्या शाळेच्या डब्यातल्या, कागद ड्रॉइंगच्या वहीचा.

दुसरं म्हणजे ऐकण्याचं. कथेत हाणामारी सुरू झाली की हात आपोआप दाबून चालतो. आणि तो कॉन्सेल नावाचा नोकर माशांचं वर्गीकरण सांगायला लागला की माझं लक्ष उडतं ते पुढच्या प्रकरणापर्यंत परत येत नाही. इंग्रजी वाचायला अडचण नाही, ऐकताना मात्र बरंच निसटतं. तुम्ही लोक काम करता करता कसं ऐकता? मराठीत असं काही ऐकायला आहे का?

— निळीशाई


शार्पनर :
ताई, बुरशी नाही ती, मेण आहे. साध्या रंगीत पेन्सिलीत रंगद्रव्य मेणात बांधलेलं असतं. दाबून जाड थर दिला की काही दिवसांनी ते मेण वर येतं आणि धुकं धरल्यासारखं दिसतं. गडद रंगांवर जास्त जाणवतं इतकंच. मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसा, जाईल. मग फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या द्रावाचा, पातळ फवारा मारा म्हणजे परत येणार नाही. फवारा गॅलरीत, खिडक्या उघड्या ठेवून. बुरशी असती तर ठिपके ठिपके दिसले असते आणि रंग नसलेल्या कोऱ्या भागावरही आले असते.

कागद रंग घेत नाही त्याचं कारणही तेच. कागदाच्या पृष्ठभागावर बारीक खाचखळगे असतात, रंग त्यात बसतो. ते मेणाने भरले की पुढची पेन्सिल नुसती घसरते. वहीचा कागद पातळ आणि गुळगुळीत, त्याचे खळगे लगेच भरतात. अप्पा बळवंत चौकात जाऊन २०० ग्रॅमच्या पुढचा कार्ट्रिज पेपर सुटा मागा, किंवा खर्च करायची तयारी असेल तर ३०० ग्रॅमचा हॉट प्रेस, म्हणजे जलरंगाचा दाबलेला जाड कागद. आधी कागद बदला, पेन्सिली नंतर. लोक उलट करतात आणि महागडा डबा वहीच्या कागदावर घासत बसतात.

पेन्सिल पार मागच्या टोकाला धरा. तिथून दाब देताच येत नाही. टोक अणकुचीदार ठेवा, बोथट टोक खळग्यांच्या तळाशी पोचत नाही. आणि गडद करायला काळा वापरू नका, चित्र मरतं. इंडिगोवर (गडद निळा) गडद तपकिरी, त्यावर परत इंडिगो, मधे एखादा गडद हिरवा, असे सहा-सात अगदी फिके थर. वेळ लागतो, पण तुम्हाला तसंही कादंबरी ऐकायचीच आहे.


खडूस_सदाशिव :
एका वेळी एक काम करावं अशी जुनी पद्धत होती. असो.

रेकॉर्डिंग कोणत्या भाषांतराचं आहे ते बघितलंत का? या कादंबरीचं जुनं, सगळीकडे सापडणारं इंग्रजी भाषांतर मर्सियर या पाद्रीबाबांचं, १८७०च्या दशकातलं. त्यांनी मूळ मजकुराचा बराच भाग कापलाय आणि जे ठेवलंय त्यातही गमती आहेत. सुरुवातीला प्राध्यापक अमेरिकेतल्या 'बॅडलँड्स' भागातून परतलेला असतो, त्याचं या गृहस्थांनी 'नेब्रास्काचा अप्रिय प्रदेश' करून टाकलंय. तुमचं लक्ष उडतं त्यात तुमच्या कानांचा दोष किती आणि भाषांतराचा किती, हे आधी तपासा. एफ. पी. वॉल्टर यांचं पूर्ण भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचायला आहे. दोन्हींचं एकेक प्रकरण ताडून बघा.


तारकर्लीकर (सध्या बाणेर) :
रंगांबद्दल माझे दोन पैसे. मी मालवणकडे स्कूबा करतो. पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग जातो. पाच-दहा मीटर खाली गेलात की लाल मासा मळकट तपकिरी-काळा दिसतो. मग नारिंगी, पिवळा जातो, शेवटी उरतो निळा-हिरवा. पण टॉर्च मारला की तोच मासा एकदम लालभडक! उजेड जवळून पडतो ना, लाल शोषला जायला मधे तेवढं पाणीच नसतं.

तुमच्या चित्राला हे सोन्यासारखं आहे. काचेजवळचे मासे, जिथे नॉटिलसचा दिवा पडतोय, तिथे लाल-नारिंगी बिनधास्त वापरा. जसजसे लांब जाल तसा लाल कमी करत जा, शेवटी नुसत्या निळसर आकृत्या. खोली आपोआप दिसेल, सगळंच गडद करायची गरज नाही.

अजून एक. आपल्या किनाऱ्याचं पाणी गाळ आणि प्लवकांमुळे हिरवट असतं, मनात तोच रंग बसलेला असतो. नॉटिलस त्या प्रसंगात जपानजवळच्या कुरोशिओ प्रवाहात आहे. कुरोशिओ म्हणजेच काळा प्रवाह, पाणी इतकं गडद निळं की प्रवाहाला नावच ते पडलं. त्या प्रकरणाचं नावही 'काळी नदी' असंच आहे. तेव्हा हिरवा कमी, इंडिगो जास्त.


निळीशाई :
शार्पनर, साय पुसली गेली! अगदी जुन्या टी-शर्टच्या तुकड्याने. तारकर्लीकर, लाल रंगाचं हे डोक्यातच आलं नव्हतं, मी सगळे मासे निळेच करत होते. खडूसकाका, तपासलं. नेब्रास्का आहे. :)

आता बुडबुडे आणि पाण्यातल्या उजेडाच्या तिरिपी कशा ठेवायच्या? पांढरी पेन्सिल वरून चालवली तर दिसतच नाही.


शार्पनर :
वरून नाही, आधी. संपलेल्या बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलने कोऱ्या कागदावर दाबून रेघा आणि छोटे गोल ओढा. नंतर पेन्सिल आडवी धरून हलके थर द्या, दबलेल्या जागी रंग जात नाही आणि पांढरं राहतं. जाड कागदावरच जमतं, वहीचा फाटेल. रुंद तिरिपीसाठी पोस्टर चिकटवायची ती पुट्टी मिळते, ती दाबून उचला, रंग उचलून येतो. खोडरबराने घासू नका, मेण पसरतं.

आणि हाताखाली बटर पेपर घ्या. या हवेत तळहाताचा घाम कागदात मुरतो आणि तेवढ्या भागात रंग वेगळाच बसतो.


पोस्टाचं_तिकीट :
ऐकण्याबद्दल लिहिते. मी भरतकाम करताना ऐकते, पण नियम एकच : ठरवायचं काम असेल तेव्हा कान रिकामे. रेखाटन, मापं, कुठे कोणता रंग, हे सगळं शांततेत करून टाकायचं. गोष्ट लावायची ती फक्त थर भरताना. शब्द जुळवणं आणि प्रमाण बघणं एकाच वेळी माझ्याच्याने तरी होत नाही. हाणामारीत हात दाबतो म्हणता, तर तेव्हा पार्श्वभूमीचे मोठे पट्टे घ्या आणि माशांच्या याद्यांच्या वेळी बारीक काम. यादीतलं एखादं नाव निसटलं तर कादंबरीचं काही बिघडत नाही!

इंग्रजीसाठी : आधी प्रकरण वाचून काढा, दुसऱ्या दिवशी तेच ऐका. गोष्ट माहीत असली की कान आपोआप पुढचं पकडतो. लिब्रिवॉक्सवर वाचणारे स्वयंसेवक असतात, काही पुस्तकांत दर प्रकरणाला आवाज बदलतो आणि नव्या उच्चारांशी जुळवून घेण्यातच पहिली दहा मिनिटं जातात. 'सोलो' लिहिलेली रेकॉर्डिंग शोधा, एकच वाचक असतो. पुढे 'ट्रेझर आयलंड' घ्या. ३४ छोटी प्रकरणं, वाक्यं सुटसुटीत, आणि रंगवायला नकाशा, गलबत, पोपट सगळं आहे.

मराठीत ऑडिओबुकांसाठी स्टोरीटेल बघा. आणि नाथमाधवांचं 'वीरधवल' छापील तरी जरूर मिळवा. घरात कुणाला तरी मोठ्याने वाचायला बसवा, आमच्याकडे सासरे वाचायचे.


खडूस_सदाशिव :
हे संपलं की व्हर्नचंच 'मिस्टीरियस आयलंड' ऐका. नॉटिलसचा कॅप्टन नेमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७च्या उठावात लढलेला, हे तिथे उघड होतं. म्हणजे तुमच्या चित्रात काचेसमोर जो माणूस उभा आहे तो युरोपियन काढू नका.


निळीशाई :
काका!! मी अजून पहिल्याच भागात आहे हो. निदान 'रहस्यभेद' असं वर लिहायचं तरी.

बरं, आता कळलंच आहे तर विचारते. त्याच्या चेहऱ्यावर एका बाजूने दिव्याचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने पाण्याचा निळा, तर सावळ्या त्वचेच्या सावलीत कोणते रंग घालू? माझ्या डब्यात 'स्किन' म्हणून जी पेन्सिल आहे ती गुलाबी आहे.


शार्पनर :
ती गुलाबी भाचीला परत करा. सावळ्या त्वचेला खाली पिवळसर गेरू, त्यावर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), सावलीत गडद तपकिरीबरोबर जांभळा. निळ्या उजेडाच्या बाजूला कडेने इंडिगोचा फिका हात. हे रंग शाळेच्या डब्यात नसतात, पण चांगल्या पेन्सिली सुट्या मिळतात, अख्खा संच घ्यायची गरज नाही. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमॉस तेलाच्या बांधणीच्या असतात, त्यांच्यावर ती साय धरत नाही. चारच घ्या : गेरू, सिएना, गडद तपकिरी, इंडिगो. जांभळा डब्यातला चालेल. चेहरा थोडा झाला की फोटो टाका, सावली बघून पुढचं सांगतो.