मदत हवी आहे: एकच हार्ड डिस्क, लिनक्सवर जुन्या फायली ठीक, डॉसवर त्याच फायलींत भलताच मजकूर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे डॉस ६.२२ वर चालणारी दोन जुनी मशीन आहेत. एकात मोजमापाच्या यंत्राचं आयएसए कार्ड आहे, दुसऱ्यावर त्या डेटाचं प्रोसेसिंग होतं. ने-आण करायला ६.४ जीबीची एक आयडीई डिस्क आहे. ती आलटून पालटून दोन्हींना दुय्यम ड्राइव्ह म्हणून लावतो आणि बॅकअपसाठी यूएसबी अडॅप्टरने लिनक्सच्या लॅपटॉपला जोडतो. पार्टिशन आणि फॉरमॅट दोन्ही प्रोसेसिंगच्या मशीनवर केलेले. सगळं सुरळीत चालू होतं.

कार्डवाल्या मशीनचा मदरबोर्ड बदलला आणि घोळ सुरू झाला. त्या मशीनवर डी ड्राइव्हची (याच डिस्कचा पहिला भाग) यादी व्यवस्थित दिसते: नावं, तारखा, साइझ, सगळं बरोबर. पण जुनी फाइल उघडली की आत दुसऱ्याच फाइलचे आकडे! काही फायलींना 'सेक्टर नॉट फाउंड' येतं. ई ड्राइव्ह (याच डिस्कचा पुढचा भाग) तर दिसतच नाही. लिनक्सवर याच जुन्या फायली अगदी ठीक उघडतात. गंमत म्हणजे, नवा बोर्ड बसल्यावर जे रेकॉर्डिंग त्या मशीनवर सेव्ह झालं, ते तिथे नीट उघडतं आणि लिनक्सवर कचरा दिसतो.

डिस्कच्या लेबलवर १३३२८ सिलिंडर, १५ हेड, ६३ सेक्टर छापलंय (डिस्कवरच्या जागेचा पत्ता या तीन आकड्यांत सांगतात; सेक्टर म्हणजे सर्वात लहान तुकडा). प्रोसेसिंगच्या मशीनच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम) मोड, म्हणजे पत्ता मोजायची रीत, 'एलबीए', आणि जॉमेट्री (हेच तीन आकडे) ७८४/२५५/६३. नव्या बोर्डच्या बायोसने 'ऑटो'मध्ये 'लार्ज' निवडलाय, तिथे ८३३/२४०/६३ दिसतं. तिन्हींचा गुणाकार १,२५,९४,९६० सेक्टरच येतो. मग बिघडतंय कुठे? आणि लिनक्समधून पार्टिशन टेबल (डिस्कचा कोणता भाग कुठे सुरू होतो त्याची नोंद) २४० हेड धरून पुन्हा लिहिलं तर काम होईल का? ही मोजमापं पुन्हा घेता येणारी नाहीत, म्हणून विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही असं ठरवलंय. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

सर्वात आधी: कार्डवाल्या मशीनवर या डिस्कवर काहीही लिहू नका. स्कॅनडिस्क (डॉसचा डिस्क तपासणारा प्रोग्राम) तर अजिबात चालवू नका. त्याला सगळं तुटलेलं दिसेल आणि तो 'दुरुस्ती' करत सुटेल. लिनक्सवर डीडीने (जशीच्या तशी नक्कल करणारी आज्ञा) अख्ख्या डिस्कची इमेज काढून ठेवा, मग पुढचं.

डिस्क धडधाकट आहे, फक्त पत्ता सांगण्याची रीत बदललीय. बायोसच्या जुन्या इंटरप्टमध्ये (प्रोग्राम ज्यातून बायोसकडे डिस्कवरची जागा मागतो ती सोय) सिलिंडरला १० बिट, म्हणजे १०२४ सिलिंडर. आयडीईमध्ये हेड जास्तीत जास्त १६. दोन्ही बंधनं एकत्र आली की ५२८ एमबीच्या पुढे जाताच येत नाही. म्हणून बायोस सिलिंडर कमी आणि हेड जास्त दाखवू लागले. 'लार्ज'मध्ये सिलिंडर निम्मे करत जायचे आणि हेड दुप्पट: १३३२८ चे ८३३ झाले, १५ चे २४०. 'एलबीए'मध्ये एकूण सेक्टर बघून हेड ठरतात, या आकाराला २५५.

आता तुमची डिस्क बघा. २५५ हेडच्या हिशेबात एका सिलिंडरमध्ये १६,०६५ सेक्टर, २४० च्या हिशेबात १५,१२०. फॉरमॅट करताना बूट सेक्टरमध्ये (पार्टिशनचा पहिला सेक्टर) २५५ लिहिलं गेलं आणि डॉस त्यावर विश्वास ठेवून पत्ता काढतो. तो म्हणतो 'सिलिंडर १, हेड ०, सेक्टर १', म्हणजे त्याला १६,०६५ क्रमांकाचा सेक्टर हवाय. नवा बोर्ड जातो १५,१२० वर. दर सिलिंडरला ९४५ सेक्टरची चूक साठत जाते. शंभराव्या सिलिंडरला तुम्ही सुमारे ४८ एमबी मागचं वाचताय. हेड २४० ते २५४ या बोर्डच्या लेखी नाहीतच, तिथे 'सेक्टर नॉट फाउंड'. पहिले २४० ट्रॅक (एका हेडखालचे ६३ सेक्टर म्हणजे एक ट्रॅक), म्हणजे साधारण ७.७ एमबी, दोन्ही रीतींत तंतोतंत जुळतात. फॅट (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद) आणि रूट डिरेक्टरी (मुख्य यादी) तिथेच बसतात, म्हणून यादी बरोबर दिसते. ई ड्राइव्हच्या एक्स्टेंडेड पार्टिशनचा पत्ता मात्र बराच पुढचा, तिथे टेबलच सापडत नाही.

लिनक्स पार्टिशन टेबलातला चार बाइटचा सुरुवातीचा सेक्टर क्रमांक वापरतो, हेड-सिलिंडरकडे बघतही नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. टेबल बदलायचा विचार सोडून द्या. टेबलात २४० लिहिलं तरी बूट सेक्टरमध्ये २५५ राहतीलच आणि वर चांगलं चालणारं मशीनही बिघडेल. २००४ मध्ये फेडोरा कोअर २ (लिनक्सची एक आवृत्ती) च्या वेळी असंच झालं होतं: लिनक्सच्या २.६ कर्नलने (गाभ्याने) बायोसची जॉमेट्री विचारणं सोडलं, इन्स्टॉलरने टेबलात १६ हेड धरून आकडे लिहिले आणि शेजारचं विंडोज एक्सपी बूट होईना. डेटा सगळा जागेवर होता. बायोसमध्ये 'ऑटो'ऐवजी 'एलबीए' केलं की अनेकांचं काम व्हायचं. तुम्हीही तेच करा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. इमेज काढली. नव्या बोर्डमध्ये 'एलबीए'चा पर्याय आहे. पण तो निवडला की 'लार्ज'मध्ये सेव्ह झालेल्या नव्या रेकॉर्डिंगचं काय होणार? ती तर फक्त याच मशीनवर दिसतात.

प्रतिसाद १

म्हणून अजून मोड बदलू नका. ती ज्या चुकीच्या पत्त्यावर लिहिली गेली, त्याच पत्त्यावर 'लार्ज'मध्ये वाचली जातात. आत्ता आहे त्याच स्थितीत ती डी ड्राइव्हवरून मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर कॉपी करून घ्या, फक्त वाचायचं. उघडून तपासा. मग 'एलबीए' करा, ७८४/२५५/६३ दिसतंय याची खात्री करा आणि ई ड्राइव्ह परत आला का बघा. शेवटी जुन्या बॅकअपशी फायली ताडून बघा: नवी रेकॉर्डिंग जिथे जाऊन पडली, तिथे आधी एखाद्या जुन्या फाइलचा तुकडा असेल तर तो पुसला गेलाय आणि तो बॅकअपमधूनच आणावा लागेल.