मक्याचं साधं पीठ आणि टॉर्टिया
कुणीतरी विचारलंय की मक्याच्या पिठाचे टॉर्टिया (मेक्सिकन पातळ भाकऱ्या) लाटताना फाटतात, मग टाको (सारण भरून दुमडलेले टॉर्टिया) दुमडायचे कसे? तुमचा हात नाही चुकत, पीठच वेगळं लागतं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात. अशा शिजवलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात. चुन्यानं साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं अडकलेलं नायसिन (ब३ जीवनसत्त्व) अंगी लागतं.

मी घरी करते ते असं: अर्धा किलो वाळलेला पांढरा मका (स्वीट कॉर्न चालत नाही), दीड लिटर पाणी, ५ ग्रॅम खाण्याचा चुना. पाऊण तास मंद आचेवर, मग रात्रभर तसंच झाकून. पातेलं स्टीलचंच घ्या, ॲल्युमिनियमला चुना खातो. सकाळी चोळून धुवायचं आणि वाटायचं. इथेच पहिल्यांदा माझी फजिती झाली: मिक्सर फिरेना म्हणून पाणी ओतत गेले आणि धिरड्याचं पीठ झालं! आता वाटण सैल झालं की थोडं तयार मासा हरीना (अशाच चुन्यात शिजवलेल्या मक्याचं कोरडं पीठ) मिसळते.

लाटू नका. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून जड ताटानं दाबा. तवा कडक तापलेला हवा. भाजून झाले की फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं ठेवा, मऊ पडतात.

वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू. ते कुरकुरीत कवचवाले टाको अमेरिकेतले, त्यांच्या नादी लागू नका. सारणात राजमा चालेल, पण गरम मसाला नको हो!