मुलांची पोटगी रोखीऐवजी वस्तुरूपाने द्यावी का?

मूळ मुद्दा (रामबाग, इंदूर)
माझी बहीण व मेहुणे संमतीने विभक्त होत आहेत. कौटुंबिक न्यायालयात द्यायच्या तडजोडीच्या मसुद्यात मेहुण्यांनी सुचवले आहे की, मुलासाठी दरमहा रोख रक्कम देण्याऐवजी ते फी थेट शाळेत भरतील, खजुरी बाजारातून वह्यापुस्तके आणून देतील, गणवेश-बूट घेतील आणि नोकरीतल्या मेडिक्लेममध्ये मुलाचे नाव कायम ठेवतील. मला हे योग्य वाटते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ यात निर्वाहाची व्याख्याच अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार अशी आहे. शिवाय पैसा मुलावरच खर्च झाला का, हा वाद उरत नाही.

टिळकनगरहून एक वाचक
माझा विरोध आहे. व्याख्या ठीक, पण वसुलीचे काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५) दरमहा रकमेचा आदेश होतो आणि ती थकल्यास वॉरंट काढून दंडाप्रमाणे वसूल करता येते. "गणवेश घेऊन देईन" या वाक्यावर वसुली किती रुपयांची मागणार? दूध, भाजी, विजेचे बिल यांच्या पावत्या घेऊन तर कोणीच वडिलांकडे जात नाही. आमच्याच इमारतीत पाहिले आहे: मुलाचे बूट ऐन नोव्हेंबरात आखूड झाले, आईने निरोप धाडला, वडिलांना दोन आठवड्यांनी सवड झाली, आणि आला तो सर्वांत स्वस्त जोड, तोही मोठ्या मापाचा, म्हणजे पुढच्या वर्षीही चालावा. वस्तू घेणाऱ्याच्या हाती निर्णय राहतो, आईच्या वाट्याला मागत बसणे येते.

कापड बाजारातील एक व्यापारी
रोख पोटगी थकत नाही, असे थोडेच आहे? आमच्या धंद्यात लग्नसराईला पैसा खेळतो आणि पावसाळ्यात गल्ला रिकामा असतो. दर महिन्याला ठरावीक आकडा देणे मला अवघड जाते. वर्षाची फी एकदम भरणे जमते, आणि मी ती भरतो.

आणखी एक वाचक, वकिली करणारा
दोन्ही बाजू मसुद्यात बसतात, मात्र शब्द मोघम नकोत. प्रत्येक बाबीपुढे मुदत आणि पर्यायी रक्कम लिहावी: फी अमुक तारखेपर्यंत न भरल्यास तेवढीच रक्कम आईच्या खात्यात जमा करावी, म्हणजे वसुलीला आधार राहतो. किराणा व घरखर्चाचा वाटा रोखच ठेवावा. नोकरी सुटली की कंपनीचा मेडिक्लेमही जातो, त्यामुळे मुलाची पॉलिसी वेगळी असावी. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र बंधनकारक केले आहे, आणि आई पुरेसे कमावत असेल तर शिक्षणाचा खर्च प्रमाणात वाटता येतो असेही म्हटले आहे. म्हणून आकडे आधी मांडा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांविषयीच्या तरतुदी पुढेही बदलून घेता येतात.

मूळ मुद्दा मांडणारा
मुदत व पर्यायी रक्कम घालण्यास मेहुणे तयार होतील. घरखर्चाच्या रोख वाट्यावर मात्र ते अडतील, असे दिसते.

टिळकनगरहून
मग अडू द्या. तो वाटा, आणि काय घ्यायचे ते आई ठरवील हे कलम, यांतले एकही गाळले तर सही करू नये, असे मी तुमच्या बहिणीला सांगेन.