लेखकाची मुलाखत ऐकावी, की पुस्तक मिटून गप्प बसावं?

पानउलट्या:
परवा एका कादंबरीबद्दल लेखिकेशी गप्पा ऐकल्या आणि पस्तावलो. कादंबरीच्या शेवटी नायिका दाराची कडी काढते, बस्स. ती बाहेर पडते की कुणाला आत घेते, ते लिहिलेलं नाही. ते पान मी तीनदा वाचलंय, समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हही काढलंय. मुलाखतकारानं विचारलं आणि बाई सांगून मोकळ्या झाल्या, "अहो, ती निघूनच जाते." आता ते पान उघडलं की कडीआधी बाईंचा आवाज ऐकू येतो.

पुस्तक छापून झालं की लेखकानं त्याबद्दल बोलू नये, असं माझं मत. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थनं १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यूच जाहीर केला होता, म्हणजे अर्थ वाचकानं लावावा, लेखकाला मध्ये आणू नये. तेवढं टोक मला नको. लेखक खुशाल जगो, फक्त स्वतःच्या पुस्तकाचा अर्थ सांगत फिरू नये. जी. ए. कुलकर्णी सभासमारंभांपासून लांबच राहिले. त्यांच्या कथांचं काही अडलं का?

समासातली नोंद:
जीएंचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. व्यासपीठ टाळलं खरं, पण पत्रांतून माणूस किती बोललाय! खंडच्या खंड निघाले. तुम्ही ते वाचले नसतील असं वाटत नाही.

आणि बाई म्हणाल्या "निघून जाते", तर ते एका वाचकाचं मत समजा. पुस्तकात ते वाक्य नाही ना? मग तुमचं प्रश्नचिन्ह खोडायला सांगितलं कुणी?

पानउलट्या:
वाचलेत, तेही चवीनं. पकडलंत. पण पत्र एका माणसाला लिहिलेलं असतं, ते माझ्या डोक्यावर येऊन आदळत नाही. आणि लेखिकेचं मत "एका वाचकाचं" धरा हे म्हणायला सोपं आहे. कान तसं मानत नाहीत.

खर्डेघाशी:
साफ असहमत. मी जे थोडंफार लिहायला शिकलो ते मुलाखती वाचून. हेमिंग्वेची 'पॅरिस रिव्ह्यू'मधली १९५८ची मुलाखत घ्या. 'अ फेअरवेल टू आर्म्स'चं शेवटचं पान आपण ३९ वेळा लिहिलं, असं तो सांगतो. असं काय अडलं होतं, असं विचारल्यावर उत्तर काय, तर शब्द नीट बसवणं. दर्शन नाही, तत्त्वज्ञान नाही! माझी कथा सातव्या खर्ड्यात अडकली होती तेव्हा हा ३९चा आकडा मी टेबलासमोर चिकटवला होता. यात अर्थ कुणी सांगितला? काम कसं होतं तेवढंच सांगितलंय.

शंकेखोर:
आकडा काढून टाका टेबलासमोरून. :) २०१२मध्ये त्या कादंबरीची जी आवृत्ती आली तिच्यात हस्तलिखितांतून जमवलेले ४७ शेवट छापलेत. काही तर एकदोन वाक्यांचेच. म्हणजे लेखकाची आठवण एक सांगते, कागद दुसरंच.

शिवाय त्या नियतकालिकात मुलाखतीचा मजकूर छापण्याआधी लेखकाकडे दुरुस्तीला जातो. कादंबरीकार नाबोकोव तर प्रश्न आधी लेखी मागवून उत्तरंही लिहूनच द्यायचा. आपण ज्याला मनमोकळ्या गप्पा म्हणतो ते पुष्कळदा लेखकाचं आणखी एक लेखनच असतं, इस्त्री केलेलं.

खर्डेघाशी:
३९ काय नि ४७ काय, माझ्या सातव्या खर्ड्याला दोन्ही पुरतात. आणि इस्त्री केली म्हणून सदरा खोटा होतो का?

मधली खुर्ची:
मी अशा मुलाखती घेतो, त्यामुळे थोडं पदरचं. "ही कथा कशी सुचली?" हा सगळ्यात मेलेला प्रश्न. याचं उत्तर लेखकानं वीस ठिकाणी दिलेलं असतं, आणि दर वेळी ते जरा जास्त सुबक होतं. आठव्या खेपेला तर त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागतं.

मी आता विचारतो, "काय काढून टाकलंत?" एकदा एका कादंबरीकारानं यावर पिशवीतून बाड काढलं. बावीस पानांचं प्रकरण, प्रत्येक पानावर कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी रेघ. त्यात नायकाच्या वडिलांचं सगळं बालपण होतं. "हे मला माहीत असणं गरजेचं होतं, तुम्हाला नव्हे," म्हणाले. पहिला परिच्छेद वाचला आणि मध्येच थांबले, कारण त्यातलं एक वाक्य त्यांना पुन्हा आवडलं. छापील पुस्तकात वडील चार ओळींत येतात. त्या चार ओळी मी नंतर वेगळ्याच वाचल्या. हे फक्त पुस्तक वाचून कळलं नसतं, पानउलट्या.

पानउलट्या:
असलं बाड ऐकायला मीही आलो असतो, कबूल. पण मग पुस्तकातल्या वडिलांच्या त्या चार ओळी अपुऱ्या होत्या का? पुऱ्या असतील तर बावीस पानं नकोत, आणि अपुऱ्या असतील तर ती कापायला नको होती. ते असो. तुम्ही निदान शेवटाबद्दल विचारू नका, एवढं करा.

मधली खुर्ची:
मी नाहीच विचारत. शेवटी माईक श्रोत्यांत फिरतो, तिथं घात होतो. पहिला हात वर करतो त्याला हमखास शेवटच विचारायचा असतो. दुसऱ्याला काहीच विचारायचं नसतं, त्याला स्वतःच्या कादंबरीबद्दल सांगायचं असतं.

समासातली नोंद:
तो दुसरा बहुतेक खर्डेघाशी.