नारुको कोकेशीची मान फिरवली की वाजते, ती बसवतात कशी?

प्रश्न: जपानच्या मियागी प्रांतातल्या नारुको गावची कोकेशी, म्हणजे लाकडी बाहुली, घेतली आहे. मान फिरवली की कुईकुई आवाज येतो. डोकं निघून कसं येत नाही? आणि रंग कसा जपायचा?

लाकूडवेडा: यात गोंद नसतोच. मानेची खुंटी धडाच्या भोकापेक्षा किंचित जाड ठेवतात. धड लेथवर (लाकूड कातायच्या यंत्रावर) फिरत असताना डोकं दाबून धरतात. घर्षणाने लाकूड तापतं, खुंटी आत शिरते आणि तिथेच अडकते. लाकूड बहुधा मिझुकी नावाच्या झाडाचं, साल काढून निदान सहा महिने वाळवलेलं. ओल राहिली तर पुढे आकसून तडा जातो. उत्तर जपानातल्या त्सुगारू भागात डोकं नि धड एकाच तुकड्यातून कातायची रीत आहे, म्हणून तिथली मान फिरत नाही.

रंगरेषा: ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका! रंग पाण्यात कालवलेले, वर फक्त मेणाचा हात. लाल रेघ लगेच पसरते. मऊ कोरडा ब्रश पुरे. ऊन टाळा, रंग उडतात. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलीत तर बुरशी धरेल.

कातारी: बाहुली नारुकोचीच आहे ना, हे पाहायला तळाशी कारागिराची सही बघा. नारुकोचे खांदे उठावदार, धड मध्ये निमुळतं, अंगावर शेवंती. डोक्यावर लाल पाकळ्यांचा फुलोरा असेल तर ती मियागीतल्याच तोगात्ता गावची समजा.