चादर अंथरायची की पांघरायची? दुकानासाठी लिहिताना आलेली अडचण

आडवा_धागा
नमस्कार. माझ्या मामांचं सोलापुरात चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. आता माल कुरिअरनं बाहेरगावीही जायला लागलाय. मामा म्हणाले, ‘गिऱ्हाईक समोर असलं की मी घडी उलगडून दाखवतो. बाहेरगावच्याला तू लिहून दाखव.’ म्हणून दुकानासाठी एकेका वस्तूवर छोटे लेख लिहितेय. पहिला अर्थातच चादरीवर.

तो वाचून नाशिकच्या एका बाईंनी दोन चादरी मागवल्या. माल पोचल्यावर त्यांचा फोन आला, ‘चादरी सुंदर आहेत, पण गादीखाली खोचता येत नाहीत, आणि किती जाड!’ त्यांनी त्या गादीवर घातल्या होत्या. मामा म्हणाले, ‘चादर म्हणजे अंगावर घ्यायची. ती हांतरतं कोण?’ बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे चादर गादीवरच घालतात. अंगावर घेतात ते पांघरूण.’ दोघंही ठाम. मामांनी चादरी परत घेतल्या, पण वाद राहिलाच.

दोन प्रश्न आहेत. चादर या शब्दाचा मूळ अर्थ काय? आणि लेखात काय लिहू: नुसतं चादर, पांघरायची चादर, की ब्लँकेट?

शुद्धाक्षर
तुमचे मामा बरोबर आहेत. चादर हा शब्द फारसीतून आला. इराणात बायका डोक्यावरून घेऊन अंगभर लपेटतात त्या वस्त्राला आजही हेच नाव आहे. म्हणजे मूळ अर्थ अंगावर घेण्याचाच. गादीवर घालतात तो पलंगपोस. तोही शब्द फारसीच, पण मराठीत पूर्ण मुरलेला.

निखळ मराठी जोडी हवी असेल तर अंथरूण आणि पांघरूण. संस्कृत आस्तरणावरून अंथरूण, प्रावरणावरून पांघरूण. इतके नेमके शब्द घरात असताना ‘ब्लँकेट’ लिहू नका. ब्लँकेट म्हटलं की लोकर डोळ्यांसमोर येते आणि तुमची चादर सुती आहे.

कसब्यातली
पुण्यात ‘चादर बदल’ म्हणजे गादीवरची बदल, यात कुणाचं दुमत नाही. पण माझी आजी अंगावर घ्यायच्या चादरीला नुसतं ‘सोलापुरी’ म्हणायची. ‘गार वारं सुटलंय, सोलापुरी काढ गं.’ पुढे चादर म्हणायची गरजच नसे. तुम्ही गावाचं नावच वापरा की, वेगळा शब्द कशाला?

आडवा_धागा
कसब्यातली ताई, लेखाच्या मथळ्यातच ‘अस्सल सोलापुरी चादर’ असं होतं. तरी घोळ झाला. नाशिकच्या बाई तिशीतल्या आहेत. त्यांच्या घरात दुलया आणि फ्लीसची ब्लँकेटं. सोलापुरी म्हणजे काय हे त्यांना घरून कळलेलं नाही.

पूर्व_भाग
आमच्या घरी तेलुगू. आम्ही ‘दुप्पटि’ म्हणतो. अंगावर घेतली तरी दुप्पटि, खाली घातली तरी दुप्पटि. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरांतून निम्मी बोली तेलुगू, निम्मी मराठी चालते. मागावर ‘चादर’, घरात ‘दुप्पटि’, वस्तू एकच.

माझ्या मते मराठी दुपटं, हिंदी दुपट्टा आणि तेलुगू दुप्पटि ही एकाच घरची भावंडं. दु म्हणजे दोन, पट म्हणजे कापड. पूर्वी मागाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असायची, दोन पट्टे जोडल्याशिवाय माणूस झाकला जात नसे. म्हणून दुपट.

वडील यंत्रमागावर होते. जेकार्डच्या मागावर वर पुठ्ठ्यांची माळ फिरते, पुठ्ठ्याला भोकं पाडलेली असतात आणि त्या भोकांप्रमाणे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जातात. चादर मागावरून उतरली की वडील आधी उलटी करून बघायचे. सोलापुरी चादरीला उलटी बाजू अशी नसतेच. दोन्हीकडे तीच नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल: इकडे लालावर पांढरा मोर, तिकडे पांढऱ्यावर लाल. मागच्या बाजूला धागे लोंबत असले तर ती चादर दुसरीकडची समजायची. ताई, तुमच्या लेखात हे आहे का?

आडवा_धागा
‘दोन्ही बाजूंनी वापरता येते’ एवढंच आहे. तुमचं वाक्य कितीतरी चांगलं आहे. घेऊ का?

पूर्व_भाग
घ्या की. विचारायचं काय त्यात.

गल्ल्यावरचा
मी गेली बरीच वर्षं लहान दुकानांसाठी लिहितो: मसाले, शेंगाचटणी, कडक भाकरी, कापड. चादर फारसी की संस्कृत हा प्रश्न चांगला आहे, पण ताईंचा प्रश्न त्यानं सुटणार नाही. नाशिकच्या बाई मोबाइलवर कोणता शब्द टाकून शोधणार, हे आधी बघा. कुणी ‘चादर’ टाकतं, कुणी ‘चद्दर’, कुणी ‘बेडशीट’, कुणी ‘ब्लँकेट’. गिऱ्हाईक ज्या शब्दाचं बोट धरून येतं, तो शब्द लेखात कुठेतरी हवाच. मग दुसऱ्या ओळीत त्याला नीट सांगा की ही वस्तू काय आहे.

आणखी एक. दुकानाचा लेख गल्ल्यावर बसून सुचतो. दिवसभर कान उघडे ठेवायचे आणि गिऱ्हाईक जे विचारतं ते जसंच्या तसं वहीत टिपायचं. ‘रंग जाईल का?’ ‘मशीनमध्ये चालेल का?’ ‘दोघांना पुरेल का?’ ‘खरी सोलापुरी कशावरून?’ एकेक प्रश्न म्हणजे एकेक लेख, आणि मथळा म्हणजे तो प्रश्नच. उत्तर पहिल्या दोन ओळींत, खुलासा नंतर. लोक उलटं करतात. आधी सोलापूरचा इतिहास, मग वस्त्रोद्योगाची परंपरा, मग दुकानाची स्थापना, आणि रंग जातो की नाही ते शेवटच्या परिच्छेदात. तिथवर कोण पोचतं?

लांबी-रुंदी इंचात द्या, फुटांतही द्या. वजन द्या, कारण चादरीची ऊब माणूस वजनावरून ओळखतो. ‘दर्जेदार’, ‘मनमोहक’, ‘उत्कृष्ट’ हे शब्द काढून टाका. जो शब्द गादीच्या दुकानालाही चालतो आणि फरसाणच्याही, तो तुमच्या चादरीबद्दल काहीच सांगत नाही.

शुद्धाक्षर
गल्ल्यावरचा यांच्याशी मी मुळीच सहमत नाही. गिऱ्हाईक जो शब्द टाकेल तो लिहायचा, म्हणजे भाषा बाजारानं ठरवायची. आज ‘ब्लँकेट’ लिहाल, उद्या ‘पांघरूण’ हा शब्द मुलांना कळणार नाही, आणि मग म्हणाल, लोकांना कळत नाही म्हणून लिहीत नाही. शब्द वापरात राहतो तो कुणीतरी हट्टानं वापरल्यामुळेच. दुकानदार रोज शेकडो लोकांशी बोलतो. त्यानंच शब्द सोडला तर राखायचा कुणी?

आणि लेखाला तुम्ही लोक हल्ली ‘कंटेंट’ म्हणता, त्यालाही माझा विरोध आहे. ‘मजकूर’ हा चांगला रुळलेला शब्द आहे.

गल्ल्यावरचा
मजकूर अरबी आहे, सर. मूळ अर्थ ‘उल्लेख केलेला’. जुन्या कागदांत ‘साल मजकूर’ म्हणजे वर सांगितलेलं साल. त्यावरून मराठीनं ‘लिहिलेलं ते’ असा अर्थ आपला आपण घडवला. तोही बाजारात आणि कचेरीत वापरून वापरूनच. मग आजच्या बाजाराला तेवढी मनाई का?

शुद्धाक्षर
कारण तेव्हा मराठीनं शब्द घेऊन त्याचा अर्थ बदलला, आपल्या व्याकरणात बसवला. आता शब्द घेतो आणि आपलाच शब्द टाकून देतो. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अक्कलकोट_रस्ता
आमच्याकडे सीमेवर कानडी. हासिगे म्हणजे अंथरूण, होदिके म्हणजे पांघरूण. कानडीतही म्हण आहे, हासिगे असेल तेवढेच पाय पसर. म्हणजे खालचं आणि वरचं हा भेद सगळ्यांनी पाळलाय, फक्त ‘चादर’ या शब्दानं पाळला नाही.

पण ‘पांघरूण’ हा शब्द सोलापुरात बोलताना किती जण वापरतात? आम्ही ‘अंगावर घ्यायला’ म्हणतो. दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, ‘अंगावर घ्यायला काहीतरी दाखवा.’ खालच्याला ‘हांतरायला’. ताईंच्या मामांनीही ‘अंगावर घ्यायची’ असंच म्हटलंय बघा. तेच लिहा. नाशिकलाही कळेल, नागपूरलाही कळेल.

गाडी_लेट
रेल्वेत होतो, सोलापूर विभागातच. एसीच्या डब्यात दोन चादरी देतात. एक खाली घालायची, एक अंगावर, आणि वर ब्लँकेट. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्याच, दोन्हींचं नाव चादर. देशभर फिरणाऱ्या माणसाच्या डोक्यात चादर म्हणजे पातळ पांढरं सूती कापड बसलंय ते यामुळेही असेल. नाशिकच्या बाईंना दोष देऊ नका.

कसब्यातली
अंथरायचं-पांघरायचं सोडून तिसरंही आहे. दर्ग्यावर चादर चढवतात ती ना अंथरायची ना पांघरायची.

शुद्धाक्षर
ती पांघरायचीच. मजारीवर घालतात, म्हणजे वरून झाकतात. माझाच मुद्दा सिद्ध होतो.

मांजरा_काठ
यात ‘पासोडी’ कुणालाच कशी आठवली नाही? जाड सुती, दुहेरी, अंगावर घ्यायची. आमच्या अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. त्यांनी लांबलचक कापडावर पंचीकरण, म्हणजे वेदान्ताचं विवेचन, लिहून ठेवलं. पांघरायच्या वस्त्रावर लिहायची आपल्याकडे परंपराच आहे! ताईंनी चादरीला पासोडी म्हणावं, शब्दही जिवंत होईल आणि दुकान वेगळं उठून दिसेल.

गल्ल्यावरचा
शब्द सुंदर आहे, पण तो टाकून शोधणार कोण? शिवाय नाव बदलून चालणारच नाही. ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो ही ओरड किती जुनी आहे ते चाटी गल्लीत कुणालाही विचारा. इतक्या मेहनतीनं राखलेलं नाव दुकानानं आपणहून कशाला सोडायचं?

मांजरा_काठ
सोडा कुठे म्हटलं? आत एखाद्या ओळीत तरी लिहा. आजीच्या तोंडचा शब्द वाचून एखाद्याचं मन हलतं. तुमच्या वजन-मापानं हलणार आहे का?

आडवा_धागा
सगळ्यांचं वाचून नवी सुरुवात लिहिली आहे. बघा कशी वाटते:

‘सोलापुरी चादर अंथरायची की अंगावर घ्यायची? अंगावर घ्यायची. काही गावांत चादर म्हणजे बेडशीट. ही ती नव्हे. ही जाड सुती आहे, थंडीत पांघरायला ब्लँकेटसारखी, आणि लोकर नसल्यामुळे अंगाला टोचत नाही. उलटी करून बघा: इकडे लालावर पांढरा मोर, तिकडे पांढऱ्यावर लाल. सिंगल चादर एकाला पुरते. दोघांना हवी तर डबल घ्या. खाली माप आणि वजन दिलं आहे. माफक दरात घरपोच मिळेल.’

अक्कलकोट_रस्ता
झकास. मोर दिसला.

शुद्धाक्षर
‘ब्लँकेटसारखी’ काढा, बाकी चांगलं आहे. ‘अंगावर घ्यायची’ला माझी हरकत नाही, ‘पांघरायला’ही आलंय.

गल्ल्यावरचा
‘ब्लँकेटसारखी’ ठेवा. ‘माफक दरात’ काढा. आकडा लिहा. माफक कुणाला किती वाटेल ते त्याचं त्याला ठरवू द्या.

गाडी_लेट
माफक म्हणजे माफ केल्यासारखा कमी दर ना? मग चांगलाच शब्द आहे, गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

शुद्धाक्षर
माफचा आणि माफकचा संबंध नाही. माफक हा अरबी ‘मुवाफिक’वरून, म्हणजे अनुकूल, बेताचा. म्हणून तर आपण ‘माफक अपेक्षा’ म्हणतो. तिथे कोण कुणाला काय माफ करतंय?

कसब्यातली
मला ‘माफक दरात’ आवडतं. ‘एकवार अवश्य भेट द्या’ आणि ‘आमची कोठेही शाखा नाही’ यांच्यासारखंच ते दुकानाच्या पाटीवरचं मराठी आहे. वाचलं की दुकानात शिरल्यासारखं वाटतं.

गल्ल्यावरचा
पाटीवर ठीक आहे. पाटी वाचणारा दारात उभा असतो, चार पावलं टाकून आत येऊन भाव विचारतो. लेख वाचणारा नाशिकला बसलाय. त्याला तिथेच भाव कळायला हवा.

आडवा_धागा
मामा म्हणतात भाव लिहायचा नाही, सुताचे दर वरखाली होतात. यावर वेगळं बोलू. पुढचा लेख टॉवेलचा आहे आणि तिथेही एक शब्द अडलाय. ‘टेरी टॉवेल’ वाचून एकानं विचारलं, टेरी म्हणजे पॉलिस्टर मिसळलंय का?

पूर्व_भाग
नाही हो! टेरिकॉटमधलं टेरी हे टेरिलीनचं, म्हणजे पॉलिस्टर धाग्याचं, म्हणून लोकांना तसं वाटतं. टॉवेलमधलं टेरी वेगळं. धाग्याचे फासे वर ठेवून विणलेलं कापड ते टेरी. ते पूर्ण सुती असू शकतं, नव्हे, असावंच. पाणी फासेच तर शोषतात. बोट घालून बघा, फासा दिसतो.

गल्ल्यावरचा
ताई, हाच तुमचा पुढचा मथळा: ‘टेरी टॉवेलमध्ये पॉलिस्टर असतं का?’

शुद्धाक्षर
टॉवेल की टुवाल? आमच्या लहानपणी टुवालच म्हणत.

अक्कलकोट_रस्ता
सोलापुरात टावेल. आहेरात टावेल-टोपी देतात, टुवाल-टोपी कुणी दिलेली मी बघितली नाही.

मांजरा_काठ
पंचा म्हणा की. मराठी शब्द असताना टावेल कशाला?

अक्कलकोट_रस्ता
पंचा पातळ असतो, त्याला फासे नसतात. पंचा आणि टावेल एक नव्हे. आमच्याकडे आंघोळीला पंचा आणि पाहुण्याला टावेल.

शुद्धाक्षर
पंचा हा पाच हात लांबीवरून आला असावा. कुणाच्या घरी जुना पंचा असेल तर मोजून सांगा.