आफ्रिकन सफारीतला तुमचा एक दिवस

ताडोबा-पेंच करून झालं की बरेच जण आता केनिया-टांझानियाचा बेत आखतात. त्यांच्यासाठी हा धागा. अख्ख्या सहलीचा वृत्तांत नको, मनात घर करून राहिलेला एकच दिवस लिहा. सुरुवात माझ्यापासून.

केनियातलं मसाई मारा अभयारण्य, ऑगस्ट. सकाळपासून मारा नदीपाशी थांबलो होतो. पलीकडे टांझानियातल्या सेरेंगेटीतून चाऱ्यामागे आलेल्या विल्डेबीस्टांची (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांची) ही गर्दी! पुढचा एखादा उतारावर दोन पावलं टाकायचा, पाणी हुंगायचा आणि बिचकून वळायचा, की अख्खा कळप मागे. आमच्या ड्रायव्हर-गाईडने गाडी काठापासून मुद्दाम लांब ठेवली होती, कारण समोर गाड्या दिसल्या की कळप उतरायला कचरतो. दुपार कलल्यावर एक झेब्रा पाण्यात शिरला आणि मग धरणच फुटलं. धूळ, घोगरे हंबर, पाण्याबाहेर धरलेली तोंडं. एक पिल्लू आईपासून तुटलं, प्रवाहाबरोबर खाली गेलं, निसरड्या चढावर पुन्हा पुन्हा घसरलं आणि शेवटी वर आलं. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिण सेरेंगेटीत जन्मलेलं, जेमतेम सहा महिन्यांचं पोर! ओरडतच ते कळपात शिरलं. आई सापडली का, ते धुळीत कळलं नाही.

* * *

आमचा दिवस केनियातल्या अंबोसेली उद्यानाचा. पहाटे किलिमांजारो (5,895 मीटर) स्वच्छ दिसला, ऊन चढताच ढगात गेला. डोंगर टांझानियात, पण त्याचंच पाणी जमिनीखालून येऊन इथल्या दलदली हिरव्या ठेवतं. हत्ती तिथे पोटापर्यंत पाण्यात उभे होते, आजूबाजूला आपले गायबगळे. एक हत्तीण मात्र रस्त्यालगत कोरड्यात चरत होती. पुढच्या पायाने गवताचा गड्डा उकरायची, सोंडेत धरून माती झाडायची, मग तोंडात. शेजारचं पिल्लू तसंच करू बघत होतं, पण त्याचा पाय नुसता हवेत फिरायचा. इथल्या हत्ती-कुटुंबांचा अभ्यास सिंथिया मॉस यांनी 1972 मध्ये सुरू केला. ते आधी वाचलेलं असल्यामुळे मी प्रत्येक कळपात थोरली, कळप चालवणारी हत्तीण शोधत होते.

* * *

टांझानियातल्या गोरोंगोरो या ज्वालामुखी विवराच्या काठावर दाट धुकं, 600 मीटर खाली विवरात उतरलो तर लख्ख ऊन. सिंह, हत्ती, रानम्हशी सगळं आहे, जिराफ मात्र नाहीत. काळा गेंडा फार लांब होता. दुर्बिणीतून आधी दगडच वाटला, मग दगडाचा कान हलला! जेवण गाडीत बसूनच करा, बाहेर डबा उघडला की घारी हातातला घास उचलतात.

* * *

गाईडशिवायही जमतं. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर राष्ट्रीय उद्यानात आम्ही भाड्याच्या गाडीने फिरलो, सोबत सत्तरीचे आईबाबा. डांबरी रस्त्यावर ताशी 50, कच्च्यावर 40 किलोमीटरची मर्यादा, ठरलेल्या जागांखेरीज उतरायचं नाही आणि फाटक बंद व्हायच्या आत मुक्कामी पोचायचं. एवढं पाळलं की आपल्या सवडीने थांबता येतं. बाबा कितीतरी वेळ पाणघोडेच बघत बसले.

* * *

पहिल्या अनुभवातलं गाडी लांब ठेवणं फार महत्त्वाचं आहे. मारातच वारुळावर चित्त्याची मादी बसली होती, नजर गॅझेल हरणावर. रेडिओवर निरोप गेला आणि बघता बघता गाड्यांचा वेढा पडला. ती उठली, दोन गाड्यांमधून वाट काढत निघून गेली. शिकार हुकली. चित्ता मुख्यतः दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या फेरीच्या वेळेत. आपल्याकडचे चित्ते 1952 मध्ये नामशेष जाहीर झाले, 2022 मध्ये कुनोसाठी नामिबियातून आणावे लागले. निदान आपण तरी ड्रायव्हरला पहिल्याच सकाळी सांगावं, की जवळ नेलं नाहीत तरी आम्ही नाराज होणार नाही. अनेकदा पर्यटकांच्या हट्टापायीच गाड्या पुढे घुसतात.

* * *

कपड्यांचं विचारणाऱ्यांसाठी: गडद निळे आणि काळे नकोत. त्या रंगांकडे त्से-त्से माश्या येतात आणि कापडातूनही चावतात. मातकट, खाकी रंग बरे. पहाटे उघड्या टपाच्या गाडीत चांगलंच गारठायला होतं, स्वेटर-कानटोपी हाताशी ठेवा.